कालवणावरून पडलेलं नाव

माझा भाचा पुण्यात शिकतो आणि रात्री जागून लिव्हरपूल फुटबॉल क्लबचे सामने बघतो. मध्यंतरी रात्री साडेअकराला त्याचा फोन आला. "मावशी, स्काउसर ही शिवी आहे का गं?" समालोचक एका खेळाडूला कौतुकाने स्काउसर म्हणाला होता, आणि समोरच्या संघाचे पाठीराखे तोच शब्द चिडवायला वापरत होते. पोरगं पार गोंधळलं होतं.

मी म्हटलं, "कालवण आहे ते. मांस आणि बटाट्याचं."

"मी सीरियसली विचारतोय."

"मग मी काय गंमत करतेय?"

त्या रात्री त्याला जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट सांगते.

इंग्लंडच्या वायव्येला, मर्सी नदीच्या मुखाशी लिव्हरपूल हे बंदर आहे. तिथे मांस, बटाटे, कांदा आणि गाजर एका पातेल्यात बराच वेळ शिजवून दाटसर कालवण करतात. त्याचं नाव स्काउस. ते खाऊन वाढलेला माणूस तो स्काउसर, आणि तो ज्या हेलात बोलतो ती बोलीही स्काउसच. खाणं, माणूस आणि भाषा या तिन्हींना एकच शब्द. दरवर्षी २८ फेब्रुवारीला या कालवणाचा सण असतो, ग्लोबल स्काउस डे. त्या दिवशी शहरातले पब, कॅफे, खानावळी स्काउस शिजवतात, काही जण विक्रीतून आलेले पैसे धर्मादाय कामाला देतात, आणि परदेशी गेलेले लिव्हरपूलकर आपापल्या घरी पातेलं चढवतात.

गंमत म्हणजे आपल्याकडे २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन आणि २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. आपण भाषेला एक दिवस दिला आणि विज्ञानाला दुसरा. स्काउसच्या पातेल्यात दोन्ही एकत्र शिजतं, ते कसं ते पुढे येईलच.

असे दिवस ठरवतं कोण?

आधी हा प्रश्न उरकून घेऊ, कारण रोज सकाळी मोबाइलवर कुठल्या ना कुठल्या पदार्थाचा 'दिन' येऊन आदळतो आणि आपल्याला वाटतं, यामागे कुठेतरी सरकारी शिक्का असेल.

काही वेळा तो असतोही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने डिसेंबर २०२३ मध्ये ठराव करून ३० मे हा आंतरराष्ट्रीय बटाटा दिन ठरवला. त्यासाठी पुढाकार पेरूचा होता, आणि ते रास्तच, कारण बटाट्याचं माहेर अँडीज पर्वतात आहे. अमेरिकेत १९८४ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जुलै हा आइस्क्रीमचा महिना म्हणून घोषित केला. हे कागदोपत्री झालेले प्रकार. पण अमेरिकेतले बहुतेक 'राष्ट्रीय अमुक दिन' व्यापारी संघटना, कंपन्या किंवा हौशी लोक सुरू करतात. नॉर्थ डकोटा राज्यातल्या मँडन नावाच्या छोट्या गावातून २०१३ पासून 'नॅशनल डे कॅलेंडर' नावाचा उद्योग चालतो, आणि आपल्यापर्यंत येणारे पुष्कळसे दिवस अशाच याद्यांमधून आलेले असतात. नावात 'राष्ट्रीय' आहे म्हणून राष्ट्राला त्याचा पत्ता असतोच असं नाही.

तिसरा प्रकार वेगळा. तिथे दिवस आधीपासून असतो आणि पदार्थ त्याला येऊन चिकटतो. स्कॉटलंडमध्ये २५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जयंतीला हॅगिस खातात, म्हणजे मेंढीचं काळीज-फुप्फुस बारीक करून, ओटबरोबर शिजवून. सोबत कुस्करलेला बटाटा आणि सलगम. कॉर्नवॉलमध्ये ५ मार्चला संत पिरानचा दिवस असतो, तेव्हा मांस, बटाटा, कांदा आणि सलगमाच्या जातीचा एक कंद भरलेल्या करंजीसारख्या पेस्टीला मान. आपल्याकडच्या कोजागरीच्या मसाला दुधासारखंच हे.

स्काउस डे यांतल्या कुठल्याच खणात धड बसत नाही. तो एकविसाव्या शतकातला, लिव्हरपूलच्याच लोकांनी हौसेने सुरू केलेला, त्यामागे कुणा राजाचा किंवा संसदेचा हुकूम नाही. तरी तो टिकला. मला विचाराल तर याचं कारण चव नाही. चव तर, खरं सांगायचं तर, बेताचीच आहे. कारण त्या नावात आहे, आणि नावाची गोष्ट समुद्रावर सुरू होते.

पिंपातलं मांस, दगडासारखं बिस्किट

पूर्ण शब्द लॉबस्काउस. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो इंग्रजीत छापलेला सापडतो, आणि सापडतो तो खलाशांच्या तोंडी. शिडाची जहाजं महिनोन् महिने समुद्रात असायची. फ्रिज नाही, ताजी भाजी नाही. जहाजावर दोन गोष्टी भरपूर: पिंपात मिठाच्या पाण्यात मुरवलेलं गाईचं किंवा डुकराचं मांस, आणि जहाजी बिस्किट.

बिस्किट म्हटलं की आपल्याला चहा आठवतो. हे ते नव्हे. पीठ आणि पाणी एवढंच मळून, चांगलं कडकडीत भाजून, पुन्हा वाळवून केलेला तो ठोकळा. त्यात पाण्याचा अंश जवळजवळ नसे, म्हणून बुरशी धरत नसे. टोके मात्र लागत. दात शाबूत ठेवून तो खायचा तर आधी फोडून कशात तरी भिजवायला हवा.

मांसाचीही तीच तऱ्हा. मीठ इतकं की गोड्या पाण्यात भिजवून ते काढून टाकल्याशिवाय तोंडात घालवत नसे. मग खलाशी काय करत? मांसाचे बारीक तुकडे, ठेचलेलं बिस्किट, असलाच तर कांदा, मिळालेच तर बटाटे, थोडी मिरपूड, सगळं एका भांड्यात रटरट शिजवत. १८४० साली छापलेल्या एका अमेरिकन खलाशाच्या आठवणींत हीच कृती आहे, आणि बटाटे घातलेले तिथेही 'थोडेच'. म्हणजे मुळात दाटपणा यायचा तो बिस्किटाच्या भुग्यामुळे. बटाटा हा नशिबाने मिळालेला पाहुणा.

लॉबस्काउस या शब्दाची व्युत्पत्ती पक्की नाही. 'लॉब' हा काही इंग्रजी बोलींत दाट पदार्थ रटरटण्याशी जोडलेला शब्द आहे. मध्य इंग्लंडमधल्या स्टोक शहराच्या परिसरात अशाच कालवणाला आजही लॉबी म्हणतात. उलट बाल्टिक समुद्राकाठच्या लोकांचा दावा असा की मूळ शब्द त्यांचा, लाटवियन भाषेतला, 'चांगला वाडगा' अशा अर्थाचा. ऐकायला छान वाटतं. पण व्युत्पत्ती जितकी गोंडस तितकी ती मागाहून रचलेली असण्याची शक्यता जास्त, हा माझा अनुभव.

कालवण मात्र बंदराबंदरांतून पसरलं हे नक्की. नॉर्वेत त्याला लापस्काउस म्हणतात. जर्मनीत हॅम्बुर्गला लाब्सकाउस, आणि ते बघाल तर नातं ओळखू येणार नाही: खारवलेलं मांस आणि बटाटा एकत्र कुस्करलेला, बीटने गुलाबी झालेला गोळा, वर तळलेलं अंडं, बाजूला हेरिंग मासा आणि काकडीचं लोणचं. डेन्मार्कमध्ये एक प्रकार आहे, वेल्समध्ये एक. अमेरिकेत ब्रुकलिनच्या ज्या भागात नॉर्वेजियन लोकांची वस्ती होती, तिथल्या एट्थ अव्हेन्यूला लोक लापस्काउस बुलेवार्ड म्हणत. रस्त्यालाही कालवणाचं नाव.

पण एका अख्ख्या शहरातल्या माणसांना या कालवणाचं नाव पडलं ते लिव्हरपूलमध्ये.

चार हिस्से बटाटा

लिव्हरपूलमध्ये १७१५ साली जगातली पहिली व्यापारी बंदिस्त गोदी सुरू झाली. भरती-ओहोटीची फिकीर न करता जहाज आत आणून माल उतरवता येऊ लागला आणि छोटं गाव फुगत गेलं. त्यातला मोठा पैसा गुलामांच्या व्यापाराचा होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस या व्यापारात लिव्हरपूल युरोपातलं आघाडीचं बंदर होतं. कापूस, साखर, तंबाखू, माणसं. गोदीच्या धनिकांनी हवेल्या बांधल्या, आणि त्याच गावात निराधार गरिबांसाठी एक आश्रयगृहही होतं.

त्या आश्रयगृहाचा एक हिशेब आजही वाचायला मिळतो. सर फ्रेडरिक ईडन यांनी १७९७ साली इंग्लंडमधल्या गरिबांच्या स्थितीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लिव्हरपूलच्या या आश्रयगृहाचा खाण्याचा खर्च दिलेला आहे. त्यात स्काउससाठी म्हणून नोंद आहे: गाईचं मांस १०१ पौंड, बटाटे ४२० पौंड, कांदे २८ पौंड.

आपल्या मापात मांडते. मांस साधारण ४६ किलो. बटाटे १९० किलो. कांदे १३ किलोच्या आतबाहेर. म्हणजे एक हिस्सा मांसाला चार हिश्शांहून जास्त बटाटा. या प्रमाणाकडे जरा थांबून बघा. ज्याच्या घरी अर्धा किलो मटणात पाव किलो बटाटे पडतात, तिथे बटाटा हौसेचा. ज्याच्या घरी अर्ध्या किलोत दोन किलो पडतात, तिथे मटण हे वासापुरतं. पाहुणे वाढले की रश्शात तांब्याभर पाणी ओतणारी प्रत्येक बाई हा हिशेब वाचू शकते, त्याला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

आणखी एक गोष्ट या नोंदीतून कळते. शब्द आता नुसता 'स्काउस' झालाय, 'लॉब' गळून पडलाय. आणि जहाजी बिस्किट गायब आहे. पदार्थ जहाजावरून जमिनीवर उतरला, आणि उतरताना बिस्किटाच्या जागी बटाटा आला.

तो यायला तिथली मातीही कारण होती. लिव्हरपूल ज्या लँकाशायर परगण्यात होतं, त्याच्या नैर्ऋत्य भागात बटाट्याची शेती इंग्लंडच्या इतर भागांच्या मानाने लवकर रुजली. पुढे १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला. ज्या रोगाला आपले जुन्नर-आंबेगावचे शेतकरी उशिराचा करपा म्हणतात, तोच. आयर्लंडचा गरीब माणूस जवळजवळ फक्त बटाट्यावर जगत होता. पीक सडलं, सुमारे १० लाख माणसं मेली, त्याहूनही जास्त देश सोडून गेली. एकट्या १८४७ साली जवळपास ३ लाख आयरिश लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले. पुष्कळ पुढे अमेरिकेला गेले, पण १८५१ च्या जनगणनेत शहरातल्या दर पाच माणसांत एकाहून अधिक आयर्लंडमध्ये जन्मलेला होता. आजच्या स्काउस बोलीच्या हेलात आयरिश वळणं ऐकू येतात ती यांच्यामुळे. बटाट्याने उपाशी मारलेली माणसं बटाट्याच्याच कालवणावर नव्याने उभी राहिली.

गोदीतलं काम रोजंदारीचं. सकाळी मुकादम बोट दाखवेल त्याला काम, उरलेल्यांनी घरी जायचं. ज्या आठवड्यात काम नाही, त्या आठवड्यात मांस नाही. मग नुसत्या बटाटा-कांद्याचं कालवण व्हायचं आणि त्याला नाव होतं ब्लाइंड स्काउस. आंधळं स्काउस. वाक्प्रचार कुणाला कसा सुचला कोण जाणे, पण ज्या पातेल्यात पळी कितीही फिरवली तरी तुकडा दिसत नाही, त्याला आंधळं म्हणणं मला फार नेमकं वाटतं.

पातेल्यात काय होतं

आता विज्ञानाकडे. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण स्काउसची खरी अक्कल यात आहे.

स्वस्त मांस म्हणजे जनावराच्या काम करणाऱ्या भागाचं मांस: मान, खांदा, पाय. त्यात कोलॅजेन नावाचं चिवट प्रथिन भरपूर असतं. थोडा वेळ शिजवलं तर ते आक्रसतं आणि मांस वातड होतं. पण पाण्यात, मंद आचेवर, दोन-अडीच तास राहिलं तर तेच कोलॅजेन विरघळून जिलेटिन होतं. पायाचं सूप थंड झाल्यावर थलथलीत गोठतं, ते जिलेटिन. ओठांना चिकटणारा रश्शाचा गुळगुळीतपणा त्याचाच. म्हणून स्वस्त मांसाला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ दिला तर ते महागाहून सरस लागतं.

बटाट्याचं गणित उलटं. त्यातला स्टार्च ६० ते ७० अंश सेल्सिअसच्या आसपास पाणी पिऊन फुगतो, पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, आणि वीस-पंचवीस मिनिटांत फोड मऊ. त्यापुढे शिजवत राहाल तर फोड ढासळते आणि स्टार्च रश्शात उतरतो.

म्हणजे एकाला अडीच तास लागतात, दुसऱ्याला पंचवीस मिनिटं. एकाच भांड्यात कसं जमणार? लिव्हरपूलच्या घरांत यावर तोडगा आहे तो मला फार आवडतो: बटाटे दोन हप्त्यांत घालायचे. पहिले थोडे मांसाबरोबरच, अगदी बारीक चिरून. ते दोन तासांत पूर्ण विरघळून जातात, त्यांनी फक्त रस्सा दाट करायचा. म्हणजे जहाजी बिस्किटाचं काम. उरलेले मोठ्या फोडी करून शेवटच्या अर्ध्या तासात, ते फोडी म्हणून खायचे. एकच भाजी, दोन कामं. मैदा नको, कॉर्नफ्लोअर नको, आणि आपल्यासारखं वाटणही नको.

चांगल्या स्काउसची कसोटी काय, तर चमचा पातेल्यात उभा राहिला पाहिजे असं तिथे म्हणतात. 

सोबत काय वाढतात? व्हिनेगरमध्ये मुरवलेला जांभळा कोबी किंवा बीट, आणि कडक सालीचा पाव. हा आंबटपणा ताटात बाजूला असतो, पातेल्यात नसतो, आणि त्यालाही कारण आहे. आंबट पाण्यात पेक्टिन सहजासहजी सैल होत नाही, म्हणून बटाटा दडदडीत राहतो. माझी आई बटाट्याच्या रश्शात आमसूल नेहमी शेवटी टाकायची आणि मी आधी टाकलं की ओरडायची. पेक्टिन हा शब्द तिला माहीत नव्हता, पण तिचं आमसूल कधी चुकलं नाही.

मांस कुठलं, यावर लिव्हरपूलमध्ये घराघरांत भांडण आहे. कुणी म्हणतं गाईचं, कुणी म्हणतं कोकराचं किंवा मेंढीचं, आणि प्रत्येकाची आजी बरोबर. इथे आपल्या वाचकासाठी एक खुलासा: मटण म्हटलं की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बोकड समजतात. विलायतेत मटण म्हणजे मोठ्या मेंढीचं मांस. तिची चरबी जास्त, वासही वेगळा.

बटाटा, कापूस आणि तारवटी

या कालवणाशी आपलं काही नातं आहे का? आहे, आणि ओढूनताणून आणलेलं नाही.

पहिलं नातं शब्दाचं. कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळं. स्पॅनिश लोकांनी शब्द उचलला, पुढे दक्षिण अमेरिकेतला दुसरा कंद मिळाला तेव्हा दोन्हींच्या नावांचा गोंधळ झाला. इंग्रजांनी त्याचं पोटॅटो केलं. पोर्तुगीजांनी बटाटाच ठेवलं आणि पश्चिम किनाऱ्यावर आणलं. म्हणून उत्तरेत आलू असताना मराठीत, कोकणीत, गुजरातीत बटाटा. लिव्हरपूलचा हमाल आणि गिरगावातला वडेवाला एकाच रताळ्याचं नाव घेत आलेत.

दुसरं नातं कापसाचं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकाशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि मागणी मुंबईकडे वळली. वऱ्हाड-खानदेशचा कापूस कुलाब्याच्या धक्क्यावरून लिव्हरपूलला जाऊ लागला. मुंबईत पैशांचा पूर आला, शेअरचा सट्टा माजला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं कोसळलं. त्या गाठी लिव्हरपूलच्या गोदीत ज्यांनी उतरवल्या, त्यांच्या डब्यात दुपारी काय असणार हे आता सांगायला नको.

तिसरं नातं माणसांचं. ब्रिटिश जहाज कंपन्या हिंदुस्थानी खलाशी मोठ्या संख्येने घेत, त्यात रत्नागिरीकडचे कोकणी लोक डेकवर आणि गोव्याचे लोक स्वयंपाकघरात आणि वाढपी म्हणून. गोव्यात अशा दर्यावर्दी नोकरदाराला तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलाव भागात त्यांच्या गावोगावच्या कुडी, म्हणजे सामायिक मुक्कामाच्या जागा होत्या. जहाज लागेपर्यंत तारवटी तिथे मुक्काम करत. इंग्रज साहेबाचं स्ट्यू रांधणारा हात पुष्कळदा गोव्यातल्या साष्टी-बारदेशचा असे. तो हात घरी आल्यावर मात्र त्या स्ट्यूत मिरी, लवंग, दालचिनी आणि व्हिनेगरचा शिपका पडल्याशिवाय राहत नसे, आणि त्याबद्दल आपण त्याचे आभार मानले पाहिजेत.

शिवीचा मान कसा झाला

एकोणिसाव्या शतकात लिव्हरपूलच्या माणसाला डिकी सॅम असं टोपणनाव होतं. स्काउसर हे नाव त्यानंतरचं, आणि बोलीला सर्रास स्काउस म्हणायला लागले ते विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास. त्या नावात कुचेष्टा होती. मांस परवडत नाही म्हणून बटाट्यावर भागवणारे, गोदीतले, आयरिश, अडाणी. एवढं सगळं एका शब्दात येत होतं. आपल्याकडे 'घाटी' म्हणताना जो सूर लागतो, साधारण तसा.

अशा नावाशी माणसं दोन प्रकारे वागतात. एक तर ती नाकारतात: आम्ही नाही हो तसले. नाहीतर उचलून छातीवर लावतात. लिव्हरपूलने दुसरं केलं. विसाव्या शतकात गोद्या ओस पडल्या, बेकारी आली, बाकीच्या देशाने शहराला नाक मुरडलं, आणि तितका शब्द आतून घट्ट होत गेला. आज लिव्हरपूलचा डॉक्टर, वकील, लक्षाधीश फुटबॉलपटू स्वतःला स्काउसर म्हणवतो. ज्याच्या घरी रोज स्टेक परवडतो तो २८ फेब्रुवारीला ठरवून बटाट्याचं कालवण खातो.

यात थोडा विरोधाभास आहे, तोही सांगितला पाहिजे. एके काळी नाइलाज म्हणून शिजणारं कालवण आता उंची हॉटेलात सुबक वाडग्यात, वर कोथिंबिरीसारखी पार्सली भुरभुरून मिळतं. आपल्या पिठलं-भाकरीचंही असंच झालंय. १९९५ च्या सुमारास सरकार एक रुपयात झुणका-भाकर देत होतं, आता तीच ताटात मडक्याचा ठेचा ठेवून चारशे रुपयांना येते. मला याचा राग येत नाही, पण त्या वाडग्यात मांस जास्त आणि बटाटा कमी दिसला की ते स्काउस नव्हे एवढं म्हणावंसं वाटतं.

भाच्याला हे सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला, "मग कर ना एकदा." म्हणून गेल्या २८ फेब्रुवारीला केलं. अर्धा किलो बोकडाचं मटण, खांद्याचं, हाडासकट. सव्वा किलो बटाटे, दोन कांदे, तीन गाजरं, मीठ, मिरपूड, पाणी. हळद नाही, आलं-लसूण नाही, गरम मसाला नाही. एवढं हातावर नियंत्रण ठेवणं हीच खरी परीक्षा होती. तिसरा हिस्सा बटाटे बारीक चिरून मटणाबरोबर मंद आचेवर दोन तास, मग बाकीचे बटाटे आणि गाजरं. व्हिनेगरच्या कोबीऐवजी बीट उकडून, किसून, लिंबू पिळून ठेवलं. बेकरीतून कडक पाव आणला.

चमचा उभा राहिला, थोडा कलंडत. भाच्याने दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी घेताना हळूच लोणच्याची बरणी पुढे ओढली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

सासूबाई मांस खात नाहीत. त्यांच्यासाठी छोट्या पातेलीत वेगळं केलं होतं, मटणाशिवाय. त्यांना म्हटलं, याला आंधळं स्काउस म्हणतात. त्यांनी एक घास खाल्ला, पातेलीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "आंधळं कसलं? बटाट्याची पातळ भाजी आहे ही. फोडणी द्यायला विसरलीस."